गल्लीनं दिलेली उत्तरं

मनाच्या आजारांची पाहणी करायला आलेली मुबशिरा कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत वाढलेली पोरगी. तरीही तिनं शिवाजी पेठेत कृष्णातच्या सोप्यात बसून "जरा एकांतात बोलायचंय" म्हणावं, म्हणजे कमालच झाली. या गल्लीत एकांत कुणी बघितलाय? ती टेकते न टेकते तोच समोरची आक्का सुपात शेंगा घेऊन आणि शेजारचा मेकॅनिक निसार हातात पाना घेऊन दारात हजर.

"पूर, अपघात, असं काही सोसल्यावर मनाला धक्का बसतो, तो काहींच्या बाबतीत जातच नाही," मुबशिरा म्हणाली. "असे किती जण आहेत ते आम्ही घरोघरी बघतोय."

कृष्णातनं मिशीवरून हात फिरवला. तो तालमीतला पट्टीचा पोहणारा. मोठ्या पुरात लोकांना बाहेर काढताना त्याची होडी उलटली, एका म्हातारीचा हात त्याच्या हातातून सुटला आणि दुसऱ्यांनी तिला वर काढलं. म्हातारी आजही ठणठणीत आहे. कृष्णातचा तर फेटा बांधून सत्कार झाला. फेटा बांधलेल्या माणसाला कसली आलीय भीती? पण तेव्हापासून तो पाण्यात उतरला नव्हता आणि हे कुणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता. लेक स्नेहल पोहायला शिकव म्हणून मागं लागली होती. कान दुखतोय असं सांगून त्यानं दोन उन्हाळे ढकलले होते.

"त्या दिवसाची वाईट स्वप्नं पडतात?" मुबशिरानं पहिला प्रश्न विचारला.

"छ्या! गाढ झोपतोय."

"कुठला झोपतोय!" शेंगा फोडत आक्का म्हणाली. "मी बघतोय की. निम्म्या रातीला पायरीवर बसल्याला असतोय."

"नदीकडं जाणं टाळता?"

"अजाबात न्हाय."

"पुलाकडं जायचं म्हटलं की ह्येची गाडी बंद पडतीया," निसार म्हणाला. "खोलून बघितली मी. काय बी बिघाड न्हाय."

"अचानक आवाज झाला की दचकता?"

"दचकतोय की!" वरच्या गॅलरीतनं कुणीतरी ओरडलं, आणि कृष्णात दचकला.

सगळे हसले. कृष्णात मात्र भडकला. "एवढं ठावं हुतं तर इतकी वर्सं गप का बसलासा?"

"गप कुठं बसलोय?" निसार म्हणाला. "समदी गणपती घेऊन नदीवर जात्यात, तवा मांडव राखायला दरसाल तुलाच का ठेवतोय आम्ही? रिकाम्या मांडवात चोरायला असतंय काय?"

कृष्णातला वाटायचं, मंडळाचा आपल्यावर लई विश्वास. आपण झाकत होतो ते खरं तर अख्खी गल्ली झाकत होती. त्याला राग आला, पण त्याहून जास्त भरून आलं.

"ही उत्तरं मला चालत नाहीत," मुबशिरा म्हणाली. "ज्याचं मन त्यानंच सांगायला हवं. मग डॉक्टर तपासून निदान करतील."

कृष्णातनं आतल्या दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या स्नेहलकडं पाहिलं. "मग पाण्यात उतराय येतंय?"

"येतं. सावकाश, पण येतं."

आक्कानं सूप उचललं. "हला रं समदी," म्हणत तिनं स्नेहलसकट सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार अर्धं लोटलं.

मुबशिरानं पहिला प्रश्न पुन्हा विचारला.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "म्हातारीचा हात सुटतोय. दर खेपंला सुटतोय, आन् सपनात तिला कोण बी काढत न्हाय."

कोल्हापूरच्या माणसाला हळू बोलणं कुठलं जमायला? बाहेर सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला. पण यावेळी मधे कुणीच बोललं नाही.