एका फोटोला एक जाळी

फोटोत बिबट्याच्या डाव्या पंजाजवळ निळी दोरी दिसत होती, जेमतेम वीतभर. दीपमालानं चित्र मोठं करून पाहिलं. एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलेलं, दुसरं चौकटीबाहेर गेलेलं. गाठ जनावर बांधायच्या दाव्याची होती.

येडशीच्या डोंगराखालच्या या वस्तीत बिबट्यांच्या अभ्यासासाठी दीपमालाच्या संस्थेनं कॅमेरे लावून दोन वर्षं झाली होती. देणगीदारांची अट साधी होती: बिबट्याचा एक फोटो मिळाला की वस्तीतल्या एका गोठ्याला तारेची जाळी. लोक बिबट्याला जपतील, बिबट्या त्यांच्या शेळ्यांना शिवणार नाही. कागदावर हे फार छान दिसायचं. सहा घरांना जाळ्या मिळाल्या. सातवा नंबर शांताक्काचा, आणि या फोटोआधी पाच महिने कॅमेऱ्यात बिबट्या आलाच नव्हता. तिच्या दोन शेळ्या मात्र त्यानं नेल्या होत्या.

दीपमाला गेली तेव्हा शांताक्का गोठ्याचा तुराट्यांचा कूड लिंपत होती. दोरीचं विचारल्यावर तिनं काही लपवलं नाही. लंगडी शेळी होती, आज ना उद्या जायचीच. दिवस मावळताना एकटीच जाऊन तिला कॅमेऱ्यासमोर बांधून आली होती.

“तुमचा डबा फुकट फोटू काढत न्हाय, मॅडम. लग्नात बी फोटूवाल्याला आधी जेवन घालावं लागतंय.”

दीपमालाला हसू आलं नाही. शेजारचा गोरोबाही आता बोकड बांधायचं म्हणतोय, असं शांताक्कानं सांगितलं. म्हणजे माणसाच्या वासामागं शेळी असते, हे बिबट्या शिकणार. असं कधीतरी होणार हे दीपमालाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तसं पत्र तिनं देणगीदारांना तीनदा लिहिलं आणि तीनदा न पाठवता ठेवून दिलं. देणगी थांबून कॅमेरे गेले की तिचा अभ्यास गेला, बहुधा नोकरीही.

तिनं ओट्यावर बसून संस्थेच्या कृष्णराज सरांना फोन लावला. फोटोवर ते खूश होते. दोरीचं ऐकून म्हणाले, खालची कड कापून पाठव, गुरुवारी पुढच्या वर्षाच्या निधीची बैठक आहे.

शांताक्काचे हात गाऱ्यात तसेच थांबले होते. ती दीपमालाच्या तोंडाकडं बघत होती.

“सर, हा फोटो मी पाठवणार नाही,” दीपमाला म्हणाली. “कॅमेरे आजच उतरवते. जाळी आधी द्या, फोटो मागू नका, असं मी देणगीदारांना माझ्या नावानं कळवतेय. ते जमणार नसेल, तर हे काम मी सोडते.”