कुंकू लावलेली कुपनं

मित्रांनो, मी एक जुना, एका बाजूने चेपलेला चहापत्तीचा डबा आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धूसरच आठवतं. पोटात भरलेला चहाचा वास मात्र अजून स्वप्नात येतो. चहा संपला तेव्हा वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. पण सेनगावच्या नर्मदाबाईंनी मला घासूनपुसून देवाशेजारच्या फळीवर बसवलं. तेव्हापासून मी उदबत्तीच्या धुरात अर्धवट झोपेत असतो.

माझ्या पोटात कुपनं राहतात. तेलाच्या पाकिटासोबत एक कुपन मिळतं आणि पुरेशी जमली की तेलाचा मोठा डबा फुकट. नर्मदाबाई शेजारणींनी टाकलेली कुपनंसुद्धा मागून आणायच्या. दिवाळीचं तेल फुकट मिळालं, तर वाचलेल्या पैशांतून त्यांना त्यांच्या लेकीला, मोहिनीला, चष्मा घ्यायचा होता. मोहिनीला शाळेतला फळा दिसत नसे. पुस्तकही ती नाकाशी धरून वाचायची.

दुपारी घर शांत झालं की माझ्या उघड्या तोंडातून शिरलेल्या वाऱ्याने कुपनं हळूच सळसळायची. मला वाटायचं, आपल्या पोटात पाखरंच निजली आहेत. त्या दुपारी फार गोड होत्या.

दिवाळीच्या तोंडावर नर्मदाबाई मला घेऊन मोहिनीसोबत शेषरावांच्या किराणा दुकानात गेल्या. शेषरावांनी कुपनं बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, याच्यावर कुंकू काहून लावलं? नंबरच दिसून न्हाई राहिला. बिगर नंबराचं कुपन कंपनी घेत न्हाई."

"घरात आलेली लक्ष्मी हाय ती, भाऊ. तशीच कशी ठेवू?"

खरंच, आणलेल्या प्रत्येक कुपनाला त्या हळदकुंकवाचं ओलं बोट लावत. मला तर त्यात आपलाच मान वाटायचा! आता माझा पत्रा गार पडला. नर्मदाबाई कुपनं उलटसुलट करून बघू लागल्या. "मंग लेकराच्या चष्म्याचं कसं व्हईल?"

मोहिनीने खोबरेल तेलाचे चार थेंब मागून घेतले आणि आईच्या पदराने एक कुपन पुसलं. कागद चकचकीत होता, त्यामुळे कुंकू निघालं. नंबर बघायला तिने कुपन थेट नाकाला टेकवलं. शेषराव तिच्याकडे बघतच राहिले.

"दे इकडं, बाई," ते हळूच म्हणाले. "तू पुसत जाय, मी वाचतो."

दुकानातली गिऱ्हाइकं खोळंबली, पण ते एकेक नंबर वाचत राहिले. दोन कुपनं वाया गेली. तरीही तेलाचा डबा मिळाला.

मग चष्मा आला. तो लावून मोहिनी आधी दारातल्या कडुलिंबाकडे बघत बसली. त्याला इतकी सुटी सुटी पानं आहेत, याचंच तिला नवल वाटत होतं. मग तिने आईकडे पाहिलं.

"आई, तुझं लुगडं किती जागी शिवलंय! मला काहून न्हाई सांगितलं?"

नर्मदाबाईंनी हसून पदर सावरला, पण ठिगळं काही झाकली गेली नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी पत्र्याचा आहे, टिकेन. तुमच्यासाठी घरात जी काटकसर करते, तिच्याकडे मात्र एकदा नीट बघा. त्यासाठी चष्मा लागत नाही.