सहदेवाच्या जागी बसलेला रोबो

मी धुळाप्पा पॉइंट्समनच्या घरचा रोबो बोलतोय. अंगानं पत्र्याचा, छातीवर निळी घड्याळं, कानावर स्प्रिंग आणि पाठीत चावीचं भोक. कारखान्यात मला रंगवलं तेव्हा माझा तोरा असा, की आता थेट चंद्रावरच जायचं. पोचलो ढोकीच्या शिवारात!

धुळाप्पा येडशी स्टेशनात रूळ बदलायच्या नोकरीला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून त्यांनी मला लेकीसाठी, दैवशालासाठी आणलं. चावी दिली की मी खर्र खर्र चालायचो आणि कोंबड्या घर डोक्यावर घ्यायच्या. दैवशाला जेवताना माझ्या तोंडाला भाकरीचा तुकडा लावायची. माणसांची ही खोड मला फार आवडते. ज्याच्यावर जीव, त्याला आधी जेवू घालायचं.

मग आली येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करून आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात. त्या वर्षी शेतावर टोपली उतरवली तर पांडव चारच! सहदेव वाटेत कुठंतरी गडगडला होता. काळं रान, शोधून दगड सापडेना आणि पूजा तर खोळंबलेली. दैवशालाच्या आईची, सिताबाईंची नजर लेकीच्या काखेतल्या माझ्याकडं गेली.

"ह्यालाच बसवा. दोन डोळे हायेत, देवाला आजून काय लागतंय?"

"आगं, त्यो चावीवर चालतोय!" धुळाप्पा हसले.

"मग चावी काढून ठिवते. पूजेतनं उठून गेला तर?"

चावी त्यांच्या कमरेच्या बटव्यात गेली आणि मला तेल-शेंदूर लागला. भीम होण्याची माझी फार इच्छा, पण नेमणूक सहदेवाची. दैवशाला रडली. पण शेंदूर लागलेल्याला पुन्हा खेळायला कोण देणार? पूजा झाल्यावर, पुन्हा वाटेत कुणी गडगडू नये म्हणून, बांधावरच्या लिंबाखालीच चार भावांच्या शेजारी माझा मुक्काम पडला.

दर येळवशीला नवा लेप चढत गेला. घड्याळं बुजली, डोळे बुजले. धुळाप्पा गेले. दैवशाला धाराशिवला पोस्टात लागली. पत्रा आणि पावसाळा यांचं कधी जमत नाही, हे मला ठाऊक होतं. वरून शेंदराचा गोळा आणि आतून गंजून चाळणी, अशी माझी गत झाली असणार, असं मी धरूनच चाललो होतो. खरं सांगतो, फार भीती वाटायची.

गेल्या येळवशीला दैवशालानं पोस्टातल्या नंदीशला शेतावर जेवायला बोलावलं. भज्जी-अंबील हाणून तो पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"ताई, तुमच्या सहदेवाच्या कानावर स्प्रिंग कशी हो?"

नंदीशला खेळण्यातले जुने रोबो, रॉकेटं, उडत्या तबकड्या जमवून दुरुस्त करायचा नाद. त्यानं हात पुढं केला तशा सिताबाई कडाडल्या.

"हात लावायचा न्हाय! इतकी वर्सं रान राखलंय त्यानं."

"मावशी, मी नवा रंग देणार न्हाय, नवं काय जोडणार न्हाय. आत काय उरलंय तेवढं बघतो. काहीच न्हाय उरलं तर पुन्हा शेंदूर लावून आणून बसवतो."

सिताबाई ऐकेनात. तेव्हा दैवशाला हळूच म्हणाली, "आई, माझा हाय गं त्यो."

सिताबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आदी सहदेव आना, मग ह्याला न्या. जागा रिकामी ऱ्हाता कामा नये."

नंदीशनं सडकेवरून दगड आणला, धुतला, मांडला. माझी सुटका झाली, पण जीव मुठीतच होता.

रविवारी सिताबाईंच्या ओसरीवर नंदीश कोमट तेल आणि कापूस घेऊन बसला. लेप मऊ झाला, हलला आणि खरबुजाच्या सालीसारखा गळून पडला. माझी छातीच निखळली असं मला वाटलं! दैवशालानं डोळे मिटून घेतले.

"अय्यो!" नंदीश ओरडला. "ताई, घड्याळं बघा!"

निळी होती. जशीच्या तशी निळी.

"मावशी, तुमच्या तेलानं वाचिवलं ह्याला. पाण्याला आत शिरूच दिलं न्हाय. माझ्या कपाटातले गंजले बघा, ह्याला डाग न्हाय."

फक्त पाठीवर, जिथं मी दगडाला घासायचो, तिथं रंग उडून पत्रा उघडा पडला होता. नंदीशनं आतली चक्रं पुसून वंगण दिलं आणि मान खाजवली. आता चावी कुठली आणायची?

सिताबाईंनी बटवा सोडला. सुपारीच्या खांडांतून माझी चावी निघाली. "टाकवंना मला," एवढंच त्या म्हणाल्या.

दैवशालानं चावी फिरवली. आधी काहीच नाही. मग पोटात गुदगुल्या झाल्या आणि खर्र! मी चाललो, अडकित्त्याला अडखळलो, आडवा पडलो आणि पडल्या पडल्याही पाय हलवत राहिलो. पोस्टातली ती मोठी बाई खदाखदा हसत रडत होती. आणि मी? आतून शाबूत आहे, एवढं कळल्यावर मला दुसरं काही नको होतं.

पाठीच्या उघड्या पत्र्यापाशी नंदीशचा हात रंगाच्या डबीकडं गेला आणि थांबला. शब्द दिला होता ना! सिताबाईंनी देव्हाऱ्यातून शेंदूर आणला आणि त्या जागी एक बोट टेकवलं.

आता मी दैवशालाच्या घरात जेवणाच्या टेबलावर असतो. येत्या येळवशीला शेतावर जाणार आहे, पण पाहुणा म्हणून. सहदेवाची जागा सहदेवाला लखलाभ! तुमच्याकडं एकच मागणं आहे. मला हातात घ्या, चावी द्या, खुशाल चालवा. फक्त पुसताना पाठीवरचं ते बोट तेवढं पुसू नका.