कडू चहा आणि सुनेची जीभ

"आणखी काही औषध देता का?" असं डॉक्टरांनी विचारलं, की जगभरचे नातेवाईक एकच उत्तर देतात, "छे, काहीच नाही!" आपणही तेच देतो. मग सोवेटोच्या नोक्वाझीनं तरी वेगळं काय सांगावं?

तिचे सासरे म्हलोनिश्वा. जन्मभर सोन्याच्या खाणीतली धूळ खाल्ली, तेव्हा कुठे म्हातारपणी जोहान्सबर्गच्या हॉस्पिटलात त्यांना दुसऱ्याचं फुप्फुस मिळालं. पण शरीराचे शिपाई या पाहुण्याला चोर समजून झोडपतात. त्या शिपायांना गुंगीत ठेवायला रोज गोळ्या घ्यायच्या. आणि तपासणीत पाहावं, तर रक्तात गोळीचा जेमतेम अंश!

"गोळ्या थुंकता का हो, आजोबा?" डॉ. पिल्ले कडाडल्या. "असंच चाललं तर हे फुप्फुस हातचं जाईल. दुसरं मिळायचं नाही!"

आजोबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. नोक्वाझीला मात्र राहवेना.

"डॉक्टर, मी बाबांना चहातून एक पाला देते. खोकल्याचा."

"कुठला?"

नोक्वाझीनं जीभ चावली. पाल्याचं नाव 'उम्हलोन्याने', म्हणजे सासऱ्यांच्या नावाची सुरुवातच त्यात! झुलू घरातली सून ती अक्षरं जिभेवर आणत नाही.

"तो... करडा."

"करडा म्हणजे? गांजा?"

"अगं बाई! गांजा कसा देईन? झिपरी पानं असतात, वास नाकात जातो. सगळ्यांच्या परसात असतो."

"कोबी?"

"कोबीनं खोकला जातो का, डॉक्टर?"

"मग नाव सांगा ना!"

"नाही घेता येत."

"का? शाप लागतो?"

"सासरे ऐकतायत!"

आजोबांनी मास्क ओढून काढला. "उम्हलोन्याने! पहिल्या घोटातच ओळखला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे तुम्हीच म्हणालात, पाला खाणारे अडाणी. म्हटलं, माकोटीला, माझ्या सुनेला, बोलणी बसतील. गिळला निमूट." धापा टाकत ते सुनेकडे वळले. "माझ्या नावाला एवढं जपलंस, पोरी, आता छातीला जप! मीच गेलो तर मान कुणाचा राखशील?"

डॉक्टरीणबाई वरमल्या. "चूक माझीही आहे. पाला वाईट असं मी म्हणत नाही. पण या गोळीशी त्याचं पटतं की नाही, हे शोधायला हवं. आम्ही हसतो, म्हणून लोक लपवतात. मग शोधणार कसं? तूर्तास पाला बंद. आणि यापुढे नाव सांगायचं!"

"माझी परवानगी आहे," आजोबा म्हणाले.

नोक्वाझीनं डोक्यावरचा रुमाल सावरला, डोळे मिटले. "उम्ह... उम्ह... उम्हलोन्याने!" आणि तोंड झाकून घेतलं. आजोबांनी तेवढ्यात झोपेचं सोंग घेऊन घोरायलाही सुरुवात केली होती.

पुढच्या तपासणीत रक्तात गोळी पुरेशी निघाली. पाल्याचाच दोष होता की आणखी कशाचा, ते डॉ. पिल्ले अजून शोधतायत, आणि पाल्याबिल्याबद्दल रोग्यांना विचारायला आता त्यांना लाज वाटत नाही.

वाचकहो, मोठ्यांचा मान जरूर राखा. पण ज्यांचा मान राखायचा, ती माणसं आधी जिवंत राहायला हवीत. डॉक्टरांपुढे तोंड उघडा! आणि डॉक्टरहो, समोरचा तोंड उघडेल तेव्हा कृपा करून हसू नका.