बोळवणीतलं नाव

शेवंतीमावशींचा नेम ठरलेला. हळदीची गाणी म्हणायची त्या दिवशी गाणं आटोपेपर्यंत पाण्याखेरीज तोंडात काही घ्यायचं नाही. गेलेल्यांना आवतण देताना प्रत्येक नावानंतर एक श्वास रिकामा सोडायचा. त्या श्वासात येणाऱ्याने यायचं. शेवटी बोळवण म्हणायची, पुन्हा नाव घेऊन ज्याला त्याला परत धाडायचं. जित्याचं नाव या गाण्यात कधीच घ्यायचं नाही.

नायगावची चाळ पडली, माणसं टॉवरात गेली, तसा मावशींचा नेमही लिफ्टने वर गेला. आज तिथल्या हॉलमध्ये दर्शनाच्या लेकीची, वैदेहीची हळद होती.

"कोणाकोणाक बोलवू गो?" मावशींनी विचारलं.

"सासरे गुणाजी, सासूबाई पार्वती. बस," दर्शना म्हणाली.

"आणि आमचा दौलतदादा?" नणंदेने खोचून विचारलं. "अजून किती वर्षं कुंकू लावणार गं वहिनी? आणि वर पहिली हळद लावायला सवाष्ण म्हणून हीच पुढे!"

"हरवलेत ते. गेले नाहीत."

मावशी मुसळाला आंब्याचा डहाळा बांधत राहिल्या. दौलत त्यांच्याच गाण्यांना ढोलकी वाजवायचा. कडवं संपलं की वरून एक जास्तीची थाप द्यायचा, जाता जाता कोणी दार वाजवावं तशी. एका सकाळी ड्युटीवर म्हणून निघाला, तो परतलाच नाही.

"नातीच्या हळदीला या हो, गुणाजी आजोबा..."

एक श्वास. दारासमोरची लिफ्ट उघडली. आत कोणी नव्हतं. मिटली. पार्वतीबाईंचं नाव घेतलं, पुन्हा उघडली.

"लिफ्टलापण आमंत्रण दिलंत काय, मावशी?" बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. चाळीत असताना जिना वाजायचा, एवढाच फरक.

नावं संपली, कडवंही संपलं. तरी लिफ्ट तिसऱ्यांदा उघडली, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या ढोलकीवर थाप पडली. एकच. ढोलकीजवळ चिटपाखरू नव्हतं. हसणं तिथल्या तिथे विझलं.

न बोलावता आला होता तो. आता बोळवणीत नाव घेतलं नाही, तर लेकीच्या लग्नघरातच अडकून राहणार. घेतलं, तर दर्शनाच्या हातची हळदीची वाटी जाणार.

बोळवण सुरू झाली. गुणाजी आजोबांना निरोप दिला, लिफ्ट खाली गेली. पार्वतीबाईंना दिला, वर येऊन पुन्हा खाली गेली. तिसऱ्यांदा वर आली आणि दार मिटेचना. कोणीतरी बटण दाबदाबून पाहिलं.

मावशींनी दर्शनाकडे पाहिलं. तिची नजर ढोलकीवरच होती.

"घ्या नाव, मावशी," ती हळूच म्हणाली. "ती थाप मी झोपेतसुद्धा ओळखेन."

"आधी तू हळद लाव गो बाय. थांबलाहा तो."

नणंद काही बोलायला पुढे झाली. उघड्या लिफ्टकडे नजर गेली, तशी मागे सरली.

दर्शनाने लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली, मग कपाळाला, मग हातांना. सावकाश. दार उघडंच होतं.

मग मावशींनी डोळे मिटले. "सुखाने जा हो, दौलतबाबा..."

एक श्वास. दार मिटलं. वरचे लाल आकडे एकेक करून उतरत गेले. तळमजला आला, तरी दर्शना वाटी छातीशी धरून तिकडेच बघत उभी होती.