बत्तिसाव्या पानावरची खूण

आमच्या वाचनालयात एक रीत आहे. पुस्तक वाचून झालं की बत्तिसाव्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी नेऊन चरफडायला नको. कुणाची फुली, कुणाचा पतंग, एका मास्तरांचा तर चक्क डोळा. मी चौथी शिकलेली, पण दोनशे माणसांच्या खुणा मला तोंडपाठ. फाटकी पुस्तकं शिवायचं काम माझं, आणि शिवता शिवता मी वाचतेच. आमच्या ह्यांची खूण शेपटी नसलेला मासा. बायकोसमोर असतात तसाच. लेकीची तीन पायऱ्या, आमच्या दाराशी आहेत तशा. मी खूण करत नाही. मालकिणीला कशाला लागते?

नऊ वर्षांपूर्वी लेक त्या पायऱ्या उतरून गेली. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून एक किल्लीवाला बोलावला होता. एका किल्लीला त्याला चार दिवस लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढे माझी सोन्याची बांगडी गेली, आणि मी त्याला भर रस्त्यात गाठलं. "दुसऱ्यांच्या घराच्या किल्ल्या करणारा तू! काढ माझी बांगडी." लेक म्हणाली, "त्याने घेतली नसेल तर?" म्हटलं, "तर तुझे पाय धरीन." तिने त्याच पायांत चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर गेली.

बांगडी तीन महिन्यांनी चिंध्यांच्या पिशवीत सापडली. जाड पुस्तक शिवताना आड येते म्हणून मीच काढून ठेवली होती. ट्रंकेच्या तळाला घातली आणि स्वतःचं तोंड शिवून घेतलं.

परवा हे रद्दीवाल्याकडून जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले. वरचंच पुस्तक उसवलेलं. कव्हरवर पिस्तूल, गुलाब आणि पाय वर करून पडलेला एक लठ्ठ डिटेक्टिव्ह. गोष्ट अशी, की एका श्रीमंत म्हातारीचा हार जातो. तिच्या भाचीचं बागेतल्या माळ्यावर मन बसलेलं, म्हणून म्हातारी माळ्यावर आळ घेते. डिटेक्टिव्ह तीनदा हौदात पडतो. शेवटी हार निघतो म्हातारीच्याच विणकामाच्या टोपलीतून. पहिल्या दोन पडण्यांना मी सुई टोचून घेईपर्यंत हसले. टोपली आली तेव्हा हसू आटलं.

त्या पानावर एकाच ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "बाई म्हणाल्या, माझं चुकलं, आणि सगळे जेवायला बसले."

मी बत्तिसावं पान उघडलं. तीन पायऱ्या. त्यांच्याखाली मासा.

ह्यांना हाक मारली. "हे रद्दीवाल्याच्याच गठ्ठ्यातलं ना?"

"हो."

"मग तुम्ही ते कधी वाचलंत? झोपेत?"

ह्यांनी चष्मा पुसला. गुन्हेगार चष्मा पुसतो, हे मला लगेच कळलं. "तिनेच दिलं. म्हणाली, आईला शिवायला द्या."

"भेटता तुम्ही तिला?"

"दर गुरुवारी. पुस्तकं बदलतो आम्ही."

"आणि बांगडी..."

"ट्रंकेत मीही हात घालतो गं कधीकधी." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आठ वर्षं वाट बघितली तू सांगशील म्हणून. गेल्या महिन्यात तिला सांगून टाकलं. ती म्हणते, आईने त्याला तोंडाने सांगावं, तेव्हा बोलली तसंच चार माणसांत. मग पुस्तकावर खूण करावी. खूण दिसली की मी घरी येईन."

"अटी घालते? माझीच लेक!"

"तुझीच," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बांगडी हातात घालून निघाले. त्या किल्लीवाल्याची टपरी बसथांब्यामागे आहे. वाटेत ते दोन शब्द, माझं चुकलं, घोकले. तो कानशीने काहीतरी घासत होता. कानांवरचे केस पिकलेत. पूर्वी मला मावशी म्हणायचा.

"काय करायचंय, बाई?"

मी घराची किल्ली पुढे केली. "हिच्यासारखी एक."

मशीन किंचाळलं. माझ्या मागे दोन माणसं येऊन उभी राहिली. त्या दिवशी चार माणसं मला कमी वाटली होती, आवाज चढवून मी आणखी गोळा केली होती. आज दोनच होती, आणि ती दोन मला जड झाली.

त्याने नवी किल्ली पुढे धरली. ती घेताना माझी बाही सरकली. त्याने बांगडी पाहिली. मशीन बंद केलं. मागचा माणूस म्हणाला, "आवरा हो जरा." तो म्हणाला, "थांबा. बाईंना काहीतरी बोलायचंय."

मी तोंड उघडलं. नवी किल्ली त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे."

त्याने किल्ली फडक्याने पुसली, माझ्या तळहातावर ठेवली. "दुसऱ्यांच्या घराच्या किल्ल्या मी ठेवत नाही, बाई."

घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. "बोललीस?"

"गर्दी फार होती," मी म्हणाले.

गुरुवार होता. शिवलेलं पुस्तक ह्यांनी उचललं, बत्तिसावं पान उघडलं आणि माशाखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. पेन्सिल माझ्यासमोर ठेवून घोटभर पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा पेन्सिल तिथेच होती. पुस्तक पिशवीत घालून ते पायऱ्या उतरले.