पुतळीला ओरखडा येता कामा नये

मी एक जुनी पुतळी आहे. कामशेतच्या बाजारात नंदाबाईंचं साडीचं दुकान आहे, त्याच्या दारात मी उभी असते. मित्रांनो, माझ्या नाकाचा शेंडा उडालेला आहे, डाव्या हाताला करंगळी नाही आणि स्वभावानं मी जळकुकडी आहे. ही तिसरी गोष्ट मला नुसतं बघून तुम्हाला कळली नसती, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यात फायबरचे थर देऊन माझी पुढची बाजू वेगळी आणि मागची वेगळी घडवली, मग दोन्ही सांधल्या. एका कारागिरानं बारीक ब्रशानं ओठ रंगवले, भुवया काढल्या. तिथे माझ्या पुष्कळ बहिणी होत्या आणि सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. त्यामुळे कुणाचा हेवा करायची सोयच नव्हती. तो गुण मला कामशेतला आल्यावर लागला.

नंदाबाईंनी मला आणलं तेव्हा मी नवी कोरी होते. त्यांनी माझं नाव ठकी ठेवलं. रोज नवी साडी, कपाळाला टिकली, गळ्यात खोटा हार. लगीनसराईत माझा काय थाट असायचा म्हणून सांगू! बाया रस्ता ओलांडून यायच्या आणि म्हणायच्या, "ती पुतळीच्या अंगावरची द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते माझंच कौतुक वाटायला लागलं. ब्लाउज मात्र माझ्या मापाचं कधी नसायचं. नंदाबाई ते पाठीमागून चिमटीत धरून टाचण्या लावायच्या. समोरून मी राणी आणि पाठीवर टाचण्यांची रांग. मला त्या टोचत नसत, तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

पण मावळाच्या पावसात लोखंड गंजतं, तिथे माझी काय कथा? केसांच्या टोपाला बुरशी आली. एकदा शटर खाली घेताना नाकाचा शेंडा गेला. करंगळी कुणा गिऱ्हाइकाच्या पोरानं मोडून नेली. तरीही दारातली जागा माझीच होती, आणि ती रूपा येईपर्यंत माझीच राहिली.

रूपा ही बायडाबाईंची मुलगी. वडिवळ्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. बायडाबाई दुसऱ्यांच्या शेतात भातलावणीला, कापणीला जायच्या. रूपा एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, सरळ उंच अंगाची. नंदाबाईंनी तिला कामाला ठेवलं ते मुळी माझ्यासाठीच. रोज सकाळी ती मला पुसायची, साडी नेसवायची आणि माझ्याशी बोलायची.

"ठकाबाई, आज तुमाला जांभळी नेसवते हां. लय खुलंल तुमाला."

तेव्हा ती मला आवडायची. आपली सेवा करणारं माणूस कुणाला आवडत नाही?

मग एके दिवशी घोळ झाला. मला साडी नेसवताना माझा उजवा हात खांद्यातून निखळून खाली पडला. समोर गिऱ्हाईक घाईत. नंदाबाई म्हणाल्या, "रूपा, तूच नेस गं जरा. ताईंना बघू दे."

रूपानं ती साडी नेसली, दारापर्यंत चार पावलं चालली, वळली आणि हसली. गिऱ्हाइकानं ती साडी घेतलीच, शिवाय तसलीच आणखी एक बहिणीसाठी घेतली. झालं! त्या दिवसापासून दारात रूपा आणि मी, हात पुन्हा बसवून, परकरांच्या गठ्ठ्यांशेजारी कोपऱ्यात. घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा, त्यातली गत.

मित्रांनो, माझा नुसता तिळपापड झाला. चालताना तिच्या निऱ्या हलायच्या. माझ्या निऱ्या जन्मात कधी हलल्या नव्हत्या. वाऱ्यानं तिचा पदर उडाला की ती तो सावरायची आणि बघणाऱ्या बायांना तेवढंही गोड वाटायचं. माझा पदर उडाला की लोक म्हणायचे, पुतळी पडेल, धरा. कोपऱ्यातून मी तिच्याकडे बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, हिला एकदा तरी ठेच लागावी. नंदाबाई तिला बजावायच्या, "बसू नकोस गं, साडी चुरगळते." दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. मला वाटायचं, बरं झालं. मी इतकी वर्षं उभीच आहे, माझे पाय कुणी चेपले?

लगीनसराई ऐन भरात असताना अतुल आला. गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट. कुसगावच्या एका बंगल्यावर तो जाहिरातींसाठी फोटो काढायचा. दारात रूपाला बघून तो थबकला.

"ताई, हिचा चेहरा कॅमेऱ्यासाठीच आहे," तो नंदाबाईंना म्हणाला. "नऊवारीचं शूट आहे. एक दिवस पाठवा. तुमच्या साड्यांचीही जाहिरात होईल. मोठी मॉडेल होईल ही."

रूपाचा चेहरा असा उजळला की माझ्या पोटात दुखायला लागलं. पण पुढचं वाक्य ऐकून मीही खूश झाले.

"आणि ही पुतळीही द्या. लाइट लावेपर्यंत पोरीला उन्हात कशाला उभं करायचं? पुतळी उभी करू."

केवढा समजूतदार माणूस, असं नंदाबाईंना वाटलं. दुकानात गर्दी होती, त्यांना सोबत जाता येईना. पण बाई व्यवहाराला पक्क्या. अतुलला थांबवून त्यांनी माझ्याभोवती फिरून एकेक जागा दाखवली.

"हे नाक आधीचं गेल्यालं हाय. करंगळी बी. बाकी पुतळीला एक ओरखडा येता कामा नये. साड्यांना डाग नको. आन उन्हं कलायच्या आत माजी पुतळी माज्या दारात पायजे. आला ओरखडा, तर भरून घेईन."

अतुलनं हात जोडून कबूल केलं. मित्रांनो, मी फुगून गेले. नंदाबाईंनी माझ्यासाठी शब्द घेतला, साड्यांसाठी घेतला. रूपासाठी काहीच घेतला नाही. म्हणजे बघा, अजूनही घरात मान कुणाला आहे! टेम्पोत मी त्याच ऐटीत चढले. टेम्पो वडिवळ्याच्या केरबाभाऊंचा होता. रूपा पुढे त्यांच्याशेजारी बसून भरभरून बोलत होती आणि मी मागे गोधडीत गुंडाळलेली.

बंगल्याच्या मागे पोहण्याचा हौद होता. काळ्या फरशीवर मला उभं केलं, दिवे लावले, उजेड पसरवणाऱ्या छत्र्या उघडल्या. मी अगदी देखणी दिसत असणार. मग अतुल म्हणाला, "झालं. पुतळी बाजूला घ्या, मुलगी आणा." पुन्हा तेच. माझ्या जागी ती.

रूपाचं ब्लाउज सैल होतं. तिथल्या बाईनं ते पाठीमागून चिमटीत धरलं आणि भराभर टाचण्या लावल्या. एक टाचणी कातडीतून गेली. रूपा कळवळली.

"हलू नकोस," अतुल म्हणाला. "त्या पुतळीकडे बघ. खात नाही, दमत नाही, तोंड उघडत नाही. मॉडेलनं असं राहायचं असतं."

कितीतरी वर्षांनी कुणी माझी स्तुती केली होती. आणि तीही रूपाच्या तोंडावर! मी ती चवीनं ऐकली.

ऊन चढलं. फरशी तापली. रूपा अनवाणी होती, ती एक पाय उचलायची, मग दुसरा. तिनं डब्यातली भाकरी मागितली तर "पोट दिसतं" म्हणून डबा आत ठेवला. पाणीही घोटभरच. फोटो काढताना घंटी वाजायला नको म्हणून तिचा मोबाइल अतुलनं सकाळीच आपल्या खिशात टाकला होता. कपडे बदलायला तिला एका पडद्याआड जायला सांगितलं, तो पडदा धड मिटतही नव्हता. पलीकडे माणसं येत-जात होती.

तेवढ्यात अतुल तिथल्या एका माणसावर ओरडला, "अरे, पुतळी उन्हात काय ठेवलीस? रंग गेला तर ती म्हातारी भांडत येईल. सावलीत घे. वर चादर टाक."

दोघांनी मला अलगद उचललं. जांभळाच्या झाडाच्या सावलीत ठेवलं. अंगावर स्वच्छ पांढरी चादर घातली, हाताला धक्का लागू नये म्हणून खाली उशी दिली. आणि मी समोर पाहिलं तर रूपा माझ्याकडे बघत होती.

ती नजर मी लगेच ओळखली. कशी ओळखणार नाही? कोपऱ्यातून मी तिच्याकडे रोज तशीच तर बघत होते. त्या पोरीला माझा हेवा वाटत होता. चालता-बोलता येणाऱ्या, तहान लागणाऱ्या मुलीला माझ्यासारख्या नकट्या पुतळीचा हेवा! आयुष्यभर मला हेच हवं होतं, कुणीतरी माझ्यावर जळावं. आणि ते मिळालं तेव्हा मला अजिबात गोड लागलं नाही. मला सावली मिळाली होती ती माझ्यासाठी कुणीतरी जाब विचारणार होतं म्हणून. तिच्यासाठी कुणी शब्द घेतलाच नव्हता. आणि त्याच गोष्टीवर मी सकाळी फुगले होते.

दुपार कलल्यावर अतुल एक पिशवी घेऊन आला. "आता हे घाल. पाण्यातले फोटो काढायचेत. नंतर मोठे पाहुणे येतायत, त्यांच्याबरोबर जेवायला थांब. त्यांनी मनात आणलं तर तुझं नशीब उघडेल."

रूपानं पिशवीत पाहिलं. आतले कपडे तोकडे होते, हातभरसुद्धा नव्हते.

"हे ठरलं नव्हतं," ती म्हणाली. "नऊवारीचं ठरलं व्हतं. आन जेवायला मी घरी जाणार."

"ठरवणारी तू कोण? सकाळपासून काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. पडद्यामागचेही आहेत. गावात दाखवू का?"

मित्रांनो, मला हात आहेत, पण ते उचलता येत नाहीत. तोंड आहे, ते उघडता येत नाही. मी चादरीखालून बघत राहिले. रूपाला मॉडेल व्हायचं होतं हो, मनापासून व्हायचं होतं. आता नाही म्हटलं तर ते सगळं संपणार, आणि हा माणूस फोटो घेऊन गावभर फिरणार, हे तिला कळत होतं.

ती माझ्याजवळ आली. तिनं चादर काढली, घडी घातली, बाजूला ठेवली. मग मला कमरेला धरून खांद्यावर घेतलं.

"उन्हं कलली," ती म्हणाली. "नंदामावशीला पुतळी परत द्यायची हाय. तुमीच शब्द दिलाय."

"टेम्पोवाला नेईल ना ती."

"न्हाई. मीच नेणार. माजा मोबाइल द्या."

आवाज मोठा नव्हता, पण पुतळी न्यायला फाटकातून आत आलेल्या केरबाभाऊंनी तो ऐकला. ते पुढे आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. अतुलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून दिला. केरबाभाऊ म्हणाले, "चल पोरी, बस म्होरं." नऊवारी नेसलेली, अनवाणी रूपा मला खांद्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडली. तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते माझ्या पोकळ अंगाला ऐकू येत होतं.

कामशेतला पोचलो तेव्हा नंदाबाई दारातच होत्या. त्यांनी आधी मला फिरवून पाहिलं. नाक, हात, पाठ. "ओरखडा न्हाई," त्या समाधानानं म्हणाल्या. मग रूपा पाणी प्यायला वळली आणि त्यांना तिची पाठ दिसली. टाचण्या अजून तशाच होत्या. ब्लाउजवर रक्ताचे ठिपके वाळले होते, पायांना फोड आले होते.

नंदाबाईंनी तिला खाली बसवलं. मग त्यांनी एकेक टाचणी आपल्या हातानं काढली.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई वाडीवरून खाली आल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरगी बी तुमच्याच भरवशावर धाडली व्हती, नंदाताई."

त्यावर नंदाबाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि ऐन लगीनसराईत गिऱ्हाईक सोडून तिघी पोलिसांकडे गेल्या. अतुलला बोलावणं गेलं, त्याच्याकडचे फोटो पुसायला लावले. सगळे पुसले की एखादा राहिला, ते त्याचं त्याला ठाऊक. रूपाला अजूनही मध्येच त्याची धास्ती वाटते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे त्या वयात तिला फार महागात शिकावं लागलं.

दारातली जागा पुन्हा माझी झाली. नंदाबाईंनी तिला विचारलं होतं, "उभी राहशील का गं? मनात नसंल तर ऱ्हाऊ दे." रूपा नको म्हणाली आणि शिलाई मशीनवर बसली. मला वाटलं, चला, आपल्या मनासारखं झालं. पण तिची नटायची हौस अशी मरते थोडीच? आणि ती हौस मुळी वाईट नव्हतीच.

मित्रांनो, तुम्ही शेजाऱ्याला साधी शिडी उसनी दिलीत तरी विचारता की नाही, कुठे नेतोस, परत कधी आणशील? मग तुमची ताई, तुमची मैत्रीण कुणाबरोबर कामाला निघाली तर तेवढं तरी विचारा. तिथे सोबत कोण आहे? दाराला कडी आहे का? जेवायला वेळ देतात का? नको म्हटलं तर चालतं का? विचारणारं कुणी आहे एवढं कळलं तरी अतुलसारख्यांचा हात आखडतो. मुकाट उभं राहायला आम्ही पुतळ्या आहोतच. त्यासाठी जिवंत मुली कशाला हव्यात?

मध्यंतरी पुण्याच्या एका विणकाम संस्थेच्या बाया आल्या होत्या. साड्यांचे फोटो काढायला त्यांनी रूपाला बोलावलं. रूपानं दोन दिवस विचार केला आणि जाते म्हणाली. नंदाबाईंनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्या बिचाऱ्या घामाघूम झाल्या. शेवटी नंदाबाई स्वतःच सोबत निघाल्या. बायडाबाईंनी दोघींना भाकरी बांधून दिली. हसत-खिदळत त्या गेल्या, शटर खाली आलं आणि मी अंधारात एकटीच राहिले. मी पुन्हा जळले, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी माझी चौकशी कुणीच केली नाही, आणि तेच बरोबर होतं.